किती आणे खरं? : मनातलं मोजणाऱ्या पट्टीविषयी

दारव्ह्याला माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तेरवीची कार्डं आणि सोसायट्यांचे अर्ज छापण्यात तीस वर्षं गेली. पदवी वाणिज्य शाखेची, तीही बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली. मानसशास्त्राच्या वर्गात मी कधी बसलेलो नाही. प्रुफं तपासता तपासता जे छापतोय ते समजून घ्यायची सवय लागली आणि त्या सवयीनंच मला या विषयाच्या दाराशी आणून सोडलं.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी प्रश्नावली छापून घ्यायला आला. गावोगावी जाऊन लोकांकडून ती भरून घ्यायची होती. प्रश्न असे नव्हतेच, नुसती विधानं होती आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत चौकटी. प्रूफ मी मोठ्यानं वाचून तपासतो. एक विधान साधारण असं होतं: ‘आपले दुःख इतरांना दाखवणे योग्य नाही.’ नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची कार्डं न्यायला आलेली एक आजी बाकावर बसली होती. तिनं ते ऐकलं आणि विचारलं, ‘‘कोनाले?’’

‘‘म्हणजे कोणालाही, आजी.’’

‘‘कोनालेही कसं, भाऊ? बहिनीले सांगतो मी. सावकाराले सांगू काय?’’

विद्यार्थी हसला. मीही हसलो आणि फॉर्म छापून दिले. आजीचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. तो फॉर्म नेमकं काय मोजत होता, अशी मोजणी कशी करतात आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती करताना कुठे घसरायला होतं, हे समजून घेण्यात पुढची काही वर्षं गेली. त्याचाच हा हिशोब.

दुःख वेगळं, दुःखाविषयीचं मत वेगळं

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. ‘तुम्हाला किती वाईट वाटतं?’ हा एक प्रश्न झाला. ‘वाईट वाटणं ही वाईट गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटतं का?’ हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्यात भावना मोजली जाते, दुसऱ्यात भावनेविषयीची समजूत.

ही समजूत महत्त्वाची का, ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. अल्बर्ट एलिस यांची विचारसरणी डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून, १९९०मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच संस्थेच्या कामातून आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मधून आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला समज आपल्याला अधिक छळतो, हे त्यातलं सूत्र. एलिस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. माणूस आधी खचतो, मग ‘मी खचलोच कसा?’ म्हणून पुन्हा खचतो. दुःख असतंच आणि वर त्या दुःखाचं दुःख. मुद्दल परवडलं, व्याज नको, अशी ती गत.

हे व्याज मोजण्यासाठी लंडनमधल्या कॅथरिन राइम्स आणि ट्रुडी चाल्डर यांनी २०१०मध्ये एक पट्टी प्रसिद्ध केली. तीत बारा विधानं आहेत. त्रासदायक भावना मनात येणं आणि त्या लोकांना दिसणं आपल्याला कितपत नामंजूर आहे, याभोवती ती फिरतात. प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, म्हणजे एकूण बहात्तर. गुण जितके जास्त, तितकी भावना दडपायला लावणारी समजूत घट्ट. दीर्घकाळच्या थकव्यानं आजारी असलेले लोक आणि निरोगी लोक या दोघांकडून ती भरून घेतली, तेव्हा आजाऱ्यांचे गुण जास्त आले. याचा अर्थ समजुतीमुळे आजार होतो असा नाही. दोन गोष्टी एका घरात राहतात म्हणून त्यातली एक दुसरीची आई ठरत नाही. पण सगळं ठीक असल्याचा आव आणायला ताकद लागते आणि आधीच थकलेल्याला ती कुठून परवडणार, हा विचार करण्यासारखा आहे.

अशा पट्ट्या आणखीही आहेत. रॉबर्ट लीही यांची २००२ची पन्नास विधानांची प्रश्नावली आपली भावना आपल्याला कळण्याजोगी वाटते का, लाजिरवाणी वाटते का, कधीच संपणार नाही असं वाटतं का, हे विचारते. बेसेरा, प्रीस आणि ग्रॉस यांची २०२०ची प्रश्नावली विचारते, की भावना आवरता येते असं तुम्हाला वाटतं का आणि तिचा काही उपयोग आहे असं वाटतं का. पट्ट्या वेगळ्या असल्या तरी रोख एकच, भावनेविषयी माणसानं मनात कोणता कायदा करून ठेवला आहे ते शोधणं.

कापसाची गाडी आणि बारा विधानं

एकच प्रश्न विचारून का भागत नाही? आमच्याकडे याचं उत्तर कापूस देतो. गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर नुसता वरचा कापूस पाहून भाव ठरवत नाही. वरचा, मधला, तळाचा असा हात घालून उपसतो, ओल पाहतो. एका विधानाला माणूस घाईत काहीही उत्तर देईल. बारा ठिकाणी हात घातला की गाडीचा अंदाज येतो. बाराही मुठींतला कापूस साधारण सारखाच निघाला, तर पट्टीत आतला मेळ आहे असं म्हणतात. तो मेळ मोजायचा आकडा क्रॉनबाख यांनी १९५१मध्ये रूढ केला. सहमत-असहमतच्या पायऱ्यांची पद्धत त्याहून जुनी, रेन्सिस लिकर्ट यांची, १९३२ची.

इथे एक मेख आहे. वजनकाट्यात दोष असेल तर तो दर वेळी सारखंच चुकीचं वजन दाखवतो. मेळ उत्तम, माप खोटं. म्हणून आकड्यांत मेळ आहे एवढ्यावर थांबता येत नाही. ज्या नावानं आपण मोजतोय तेच मोजलं जातंय का, हे वेगळं तपासावं लागतं. भाषा बदलली की हा प्रश्न नव्यानं उभा राहतो.

‘नकारात्मक भावना’ हा शब्द घ्या. पुस्तकी मराठीत तो बरोबर आहे. छापखान्यात येणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी विचारत गेलो, की भावना म्हणजे काय. बहुतेकांना वर्तमानपत्रातल्या ‘दुखावलेल्या भावना’ आठवल्या, म्हणजे पुतळा, मिरवणूक, मोर्चा. ‘नकारात्मक’ ऐकून एकानं विचारलं, ‘‘कोरोनाचा रिपोर्ट काय?’’ आपल्याकडे माणसाच्या ‘जिवाला लागतं’, तो ‘मनाला लावून घेतो’, त्याचा ‘जीव घाबरा होतो’, त्याला ‘घोर लागतो’ आणि आता सर्रास ‘टेन्शन येतं’. टेन्शन या शब्दाचे तर उपकारच आहेत. पानठेल्यावर उभं राहून ‘लय टेन्शन आहे बाप्पा’ असं कोणीही पुरुष म्हणू शकतो. ‘मला रडू येतं’ असं तिथं कोणी म्हणणार नाही. गोष्ट एकच असेल, पण एका शब्दाला दार उघडं आहे, दुसऱ्याला बंद.

अशा चुका पकडण्यासाठी उलट भाषांतराची रीत आहे. इंग्रजीचं मराठी एकानं करायचं, त्या मराठीचं इंग्रजी दुसऱ्यानं, मग दोन्ही इंग्रजी ताडून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये ती मांडली. चांगली रीत आहे, पण ‘नकारात्मक भावना’चं उलट भाषांतर कोणीही शिकलेला माणूस बिनचूक करून देईल. दोन्ही भाषांतरकार पुस्तकी मराठी जाणणारे आणि मध्ये जी आजी बाकावर बसली आहे, तिला कोणी विचारलेलंच नाही.

चौकटींचंही तसंच. ‘काहीसा सहमत’ आणि ‘बऱ्यापैकी सहमत’ यांतला फरक शेतावरून आलेल्या माणसाला का कळावा? शिवाय कागद घेऊन आलेल्या साहेबाला ‘नाही’ कसं म्हणायचं, म्हणून लोक ‘हो’ म्हणत जातात. एकदा माझ्याकडच्या जुन्या कंपोझिटरला मी एक विधान वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, ‘‘हे बारा आणे खरं आहे.’’ त्याच्या तोंडून पायऱ्या आयत्याच मिळाल्या. खोटं, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. पाच पायऱ्या आणि एकही समजावून सांगावी लागत नाही. आणे व्यवहारातून कधीच गेले, पण खरं-खोटं मोजायला भाषेनं ते जपून ठेवले आहेत.

‘कोनाले?’

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते सगळं त्यात आहे.

‘दुःख दाखवू नये’ याला एखादा सोळा आणे म्हणाला, तर तो काय म्हणतो आहे? तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, ‘मला असं वाटायलाच नको होतं, वाटलं म्हणजे मी कमी पडलो.’ दुसरी, ‘वाटलं तर वाटलं, पण दाखवणं बरं नाही, आपली रीत नाही ती.’ तिसरी, ‘दाखवलं तर नुकसान होईल.’

तिसऱ्या गोष्टीवर मी अनेकांशी बोललो. एक शेतकरी म्हणाला, ‘‘मी खचलो हे कृषी केंद्रवाल्याले समजलं तं तो उधार बियानं देईन काय?’’ दुसऱ्याच्या घरी मुलगी लग्नाची होती. बाप रात्री झोपत नाही, एकटाच बडबडतो, हे बाहेर गेलं तर पाहुणे परत फिरतील. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही इथे नुसती म्हण नाही, व्यवहार आहे. या माणसांची समजूत चुकीची नाही. गावातल्या परिस्थितीचा त्यांचा अंदाज बरोबर आहे.

बारा विधानांच्या बेरजेत मात्र तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात पडतात. त्यावरून एखादा समुपदेशक त्या शेतकऱ्याला सांगायला लागला, की ‘तुमचा समज अविवेकी आहे, मोकळं व्हा,’ तर शेतकरी मान हलवेल आणि पुन्हा येणार नाही. पहिली गोष्ट समुपदेशनानं बदलते. तिसरी बदलायची तर गाव बदलावं लागतं, उधारीचं गणित बदलावं लागतं. औषध कोणाला द्यायचं, माणसाला की गावाला, हे ठरवण्याआधी दोन्ही वेगळ्या मोजल्या पाहिजेत.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. बटलर, ली आणि ग्रॉस यांनी २००७मध्ये दाखवलं, की भावना दडपण्याचे नातेसंबंधांवर होणारे परिणाम सगळ्या संस्कृतींत सारखे नसतात. जिथे संयमाला मान आहे तिथे ते सौम्य असतात. त्याच वर्षी वैशाली रावळ आणि सहकाऱ्यांचा गुजराती मुलांवरचा अभ्यास आला. मुलं राग आणि दुःख जितकं आवरतात, तितकं शारीरिक दुखणं आवरत नाहीत, असं त्यात दिसलं. वाचताना मला माझी आई आठवली. ‘मला वाईट वाटतं’ असं ती जन्मात कधी म्हणाली नाही. कंबर मात्र तिची फार दुखायची आणि कोणत्या दिवशी दुखेल हे घरातल्या सगळ्यांना आधीच कळायचं.

आपली रीत नुसती दडपण्याची आहे, असंही नाही. आपण जागा नेमून दिल्या आहेत. माहेरी आलेली लेक गळ्यात पडून रडते, मयतीला आलेल्या बाया एकमेकींना धरून रडतात, तेव्हा कोणी त्यांना दुबळं म्हणत नाही. जातं ही तर हक्काची जागा. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. सासुरवास, वांझपणाचे टोमणे, मेलेलं मूल हे सगळं पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितलेलं. जात्यावरच्या बाईपुढे ‘दुःख दाखवू नये’ हे विधान ठेवलं असतं, तर तीही सोळा आणे म्हणाली असती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गायली असती. गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. जागा मात्र गेली. पुरुषांना तर फार कमी जागा होत्या. भजन होतं, आणि दारू.

जिल्ह्याचं दुखणं

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय हौसेचा राहत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला अन्नत्याग होतो. तेव्हापासून आजवर किती घरं गेली, ते वाचकांना ठाऊक आहे. अशा घरी सरकारी कागद येतो तो नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा विचारतो आणि ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवतो. हे प्रश्न आवश्यकच आहेत. मनाचं कारण पुढे करून कापसाच्या भावाचा प्रश्न झाकता येणार नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. पण त्या माणसानं कोणाला काही सांगितलं होतं का, सांगता आलं असतं का, हा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

काम झालंय ते शेजारी. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. त्याचे निष्कर्ष राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘द लॅन्सेट सायकियाट्री’त मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केल्यावर, दीड वर्षानं, हे प्रमाण २७.२ टक्के झालं. पीक आणि कर्ज यांचं गणित दीड वर्षात बदलत नाही. ऐकणारं माणूस मात्र गावात आलं होतं. मी या आकड्यांचा अर्थ आजीच्या शब्दांत असा लावतो, की ‘कोनाले’ या प्रश्नाला एक उत्तर मिळालं.

नैराश्य तपासायला बहुतेक ठिकाणी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. २००१पासून ती जगभर चालते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागली का, असे तिचे प्रश्न. आता गंमत पाहा. ‘उदास वाटतं असं सांगणं कमीपणाचं आहे’ ही समजूत ज्याच्या मनात घट्ट, तो या प्रश्नांना ‘नाही’च म्हणणार. म्हणजे समजूत जितकी घट्ट, तितका नैराश्याचा आकडा लहान. गाव कागदावर सुखी. भावनेविषयीची समजूत आधी मोजायची ती यासाठी, की दुसऱ्या सगळ्या मोजण्या तिच्यातून गाळून येतात.

यावर एक उपाय आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. जामखेड परिसरात २००७मध्ये २४० गावकरी आणि ६० ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांचं एक सर्वेक्षण झालं. त्यात ‘तुम्हाला’ असं न विचारता आधी एका माणसाची गोष्ट सांगितली होती. तो असा असा वागतो, त्याला काय झालं असेल, त्यानं काय करावं? स्वतःविषयी मुका राहणारा माणूस दुसऱ्याविषयी मोकळेपणानं बोलतो.

असाच मोकळेपणा रंगमंचही देतो. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या याच जिल्ह्यातल्या शेतकरी विधवा. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकातून त्या आधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. ज्या दुःखाला चावडीवर आवाज नव्हता, त्याला साहित्याच्या मांडवात आवाज मिळाला. जागा मिळाली की बोलणारे बोलतात, हे जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं.

माझा फॉर्म

आता विचाराल, मग पट्टी कशी असावी? मी तज्ज्ञ नाही. फॉर्म छापणारा म्हणून चार गोष्टी सुचवतो. वाटणं, दाखवणं आणि दाखवल्याचा परिणाम यांची विधानं वेगळी ठेवा, बेरीजही वेगळी करा. प्रत्येक विधानात ‘कोणाला’ ते लिहा: बायकोला, भावाला, मित्राला, सोसायटीच्या सचिवाला, आशाताईला. सहमतीऐवजी आणे विचारा. आणि सुरुवात गोष्टीनं करा, ‘तुम्ही’ शेवटी येऊ द्या. एवढं करूनही ही पट्टी माणूस मोजणार नाही. कोणाशी बोलायला कुठून सुरुवात करावी, एवढंच ती सांगेल. समोरचा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलला, तर कागद बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसायचं. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या तळाशी ठळक छापायचा.

त्या विद्यार्थ्याचे फॉर्म छापले त्या रात्री एक जास्तीचा कागद मी स्वतःच भरला होता. बेरीज बरीच मोठी आली. दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्याला समजावलं असतं. तेव्हा आठवलं, की मुलगा दहावीत नापास होऊन रडत होता आणि मी म्हणालो होतो, ‘‘पोरगा आहेस ना? पूस डोळे.’’ त्यानं पुसले. आता तो पुण्यात नोकरी करतो. दर रविवारी फोन येतो, ‘‘सगळं ठीक आहे बाबा.’’

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात मी त्याला विचारलं, ‘‘किती आणे ठीक?’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आठ.’’ उरलेल्या आठांविषयी आम्ही तासभर बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, ते त्यानं मला सांगितलं होतं.